बेटावरचा फौजी आणि तिन्ही दलांची चिडवाचिडवी

(या भागाचं हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे काय की" थोडे कमी केलेत. ज्यांच्याकडं रेंज नाही, वेळ नाही किंवा हेडफोनचा एक कान बंद पडलाय, त्यांनी इथं वाचावं.)

 

आज आपण उमरीतून थेट समुद्रात जाणार आहोत. आपल्याकडं भरपूर पाणी म्हटलं की गोदावरीच डोळ्यांसमोर येते, त्यामुळं हा प्रवास जरा लांबचा आहे. सोबत राहा.

विषय तसा ओळखीचा आहे. आपल्या बहुतेक गावांत मिल्ट्रीतून रिटायर झालेला एक तरी माणूस असतो. कुणाचे काका, कुणाचे मामा, कुणाच्या बँकेतले सिक्युरिटीवाले. त्यांचे जिवाभावाचे दोस्त मात्र गावात नसतात. एक पंजाबात, एक केरळात, एक साताऱ्यात. आणि यांचा फोन लागला की पहिली पाच मिनिटं नुसती चिडवाचिडवी. लष्करवाला हवाई दलवाल्याला म्हणतो, "तुमचं काय बुवा, एसीत बसून लढाई!" तो म्हणतो, "तुम्ही चालत पोचेपर्यंत आम्ही बॉम्ब टाकून जेवायला परत येतो." नौदलवाला दोघांना सुनावतो, "अरे, पाणी बघितलंय का कधी? पोहता तरी येतं का?"

ऐकणाऱ्याला वाटतं, हे दोस्त आहेत की दुश्मन?

तर आजचा प्रश्न असा: तिन्ही दलांत ही चिडवाचिडवी कशासाठी असते? आणि यांच्यातल्या एखाद्यावर खरंच आभाळ कोसळलं, तर हे चिडवणारे दोस्त किती कामाला येतात? उत्तरासाठी भारताच्या अगदी खालच्या टोकाला जाऊ. ग्रेट निकोबार बेटावर.

बेटावर फौजी कसे पोचले?

नकाशा उघडा. मोबाईलवरच उघडा. अंदमानच्या खाली निकोबार, आणि निकोबारच्या सगळ्यात खाली ग्रेट निकोबार. त्याच्या दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंट, म्हणजे भारताचं शेवटचं टोक. तिथून इंडोनेशियाचं सुमात्रा दीडएकशे किलोमीटरवर आणि चेन्नई हजार किलोमीटरच्या पुढं. जगातली मोठमोठी मालवाहू जहाजं मलाक्काच्या सामुद्रधुनीकडं जाताना याच बेटाजवळून जातात. लष्करी दृष्टीनं ही जागा किती मोलाची आहे, ते नकाशाच सांगतो.

१९६९ पासून सरकारनं इथं माजी सैनिकांना वसवायला सुरुवात केली. १९८० पर्यंत सव्वातीनशेच्या आसपास कुटुंबं तिथं गेली. पंजाबची बरीच होती, पण महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू, आंध्र, कर्नाटक इथलेही फौजी होते. मराठी बोलणारी घरं देशाच्या त्या टोकाला अशी पोचली. त्यांना घरासाठी, भातासाठी, बागेसाठी जमीन मिळाली. जमीन म्हणजे जंगल. ते तोडायचं, नारळ-सुपारी लावायची आणि पावसात राहायचं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. बेट काही रिकामं नव्हतं. शोंपेन आणि निकोबारी लोक तिथं आधीपासून राहत होते, आजही आहेत. फौजी गेले ते त्यांच्या शेजारी.

पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल बे हे मुख्य ठिकाण, आणि त्याच्या खाली किनाऱ्यानं गावं वसली. नावं ऐका: गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलन्या वाटाव्यात अशी. पोर्ट ब्लेअर, ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात, तिथून हे सगळं पाचशेहून जास्त किलोमीटर. नांदेडहून मुंबईला जायचं त्यापेक्षा थोडंसं कमी, पण मध्ये नुसता समुद्र. जहाज चुकलं की बसा वाट बघत.

असा हा आपला बेटावरचा फौजी. नोकरी संपली, पण देशाच्या टोकावरची ड्यूटी काही संपली नाही.

२६ डिसेंबर २००४

रविवारची सकाळ. साडेसहाला एखादं मिनिट कमी असेल. सुमात्राच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाखाली भूकंप झाला. तीव्रता ९.१ च्या वर. मोजणी सुरू झाल्यापासून जगात एवढे मोठे भूकंप हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झालेत.

भूकंप म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, आणि किल्लारी-सास्तूर भागातली दगडमातीची घरं झोपेतल्या माणसांवर बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हाही ढिगारे उपसायला लष्कराचे जवान आले होते. आपल्या आईवडिलांच्या पिढीला विचारा, आजही ते "भूकंपाच्या आधी" आणि "भूकंपाच्या नंतर" असं बोलतात.

निकोबारला भूकंपानंतर पाणी आलं. चेन्नईला लाट पोचायला दोनेक तास लागले, निकोबारला अर्धा तासही नाही. इशारा द्यायची यंत्रणा हिंदी महासागरात तेव्हा नव्हतीच. ग्रेट निकोबारचा किनारा लाटेखाली गेला आणि जमीनही खचली. इंदिरा पॉइंटचं दीपगृह जवळपास चार मीटर खाली गेलं. जे आधी जमिनीवर होतं, त्याच्या पायथ्याशी समुद्र आला. किनाऱ्यानं जाणारा रस्ता तुटला, गावं वाहून गेली, भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं. वाचलेले लोक टेकड्यांवर, जंगलात पळाले. पूर्ण अंदमान-निकोबारमध्ये मृत आणि बेपत्ता मिळून साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

आता विचार करा. आयुष्यभर दुसऱ्यांना पुरातून, दरडीतून काढणारा माणूस आज स्वतः टेकडीवर बसलाय. घर गेलं, बाग गेली, कागदपत्रं गेली. पेन्शनचं पुस्तक बंगालच्या उपसागरात. फोन बंद. त्याला शोधायला कोण येणार?

कोण आलं?

तिन्ही दलं आली, आणि ती लवकर येऊ शकली याला एक कारण आहे.

कारगिलच्या युद्धानंतर सरकारनं संरक्षण व्यवस्थेचा आढावा घेतला, आणि त्यातून २००१ मध्ये अंदमान-निकोबार कमांड उभी राहिली. लष्कर, नौदल, हवाई दल आणि सोबत तटरक्षक दल, सगळे एका प्रमुखाच्या हाताखाली. भारतातली ही अशी पहिलीच कमांड. प्रमुखपद तिन्ही दलांत फिरतं. म्हणजे कधी नौदलवाला लष्कराच्या जवानांचा साहेब, तर कधी लष्करवाला जहाजांचा साहेब. २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा तिथं लष्कराचे लेफ्टनंट जनरल बी. एस. ठाकूर प्रमुख होते, आणि त्यांच्या हुकुमावर जहाजंही निघाली आणि विमानंही उडाली.

पण सगळ्यात जीवघेणी गोष्ट कार निकोबारची आहे. तिथं हवाई दलाचा तळ होता. लाटेनं तो तळच झोपवला. हवाई दलाचे कर्मचारी आणि त्यांच्या घरचे मिळून शंभराहून जास्त जीव गेले. बायका होत्या, लेकरं होती. ज्यांनी मदतीला धावायचं, तेच बुडाले. तरी जे वाचले त्यांनी हेलिकॉप्टर उडवलं. ज्यांचं स्वतःचं घर डोळ्यांदेखत गेलं होतं, असे लोक दुसऱ्यांना छपरावरून, झाडावरून उचलत होते. धावपट्टीचा काही भाग तुटला होता. उरलेल्या भागावर एएन-३२ विमानं उतरवली गेली. सामान आलं, डॉक्टर आले, जखमी बाहेर गेले.

ग्रेट निकोबारला नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं गेली, हेलिकॉप्टर गेली. रस्ता नव्हता, मग समुद्रातून, आकाशातून पोचले. त्याच वेळी भारतानं श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियालाही मदत पाठवली. श्रीलंकेची मोहीम 'ऑपरेशन रेनबो', मालदीवची 'कॅस्टर', इंडोनेशियाची 'गंभीर'. आयएनएस निरूपक हे समुद्राचा तळ मोजणारं सर्वेक्षण जहाज. त्याचं तरंगतं हॉस्पिटल करून ते इंडोनेशियाला पाठवलं.

त्या दिवशी टेकडीवर बसलेल्या फौजीनं वर येणारं हेलिकॉप्टर बघून "हे तर हवाई दलवाले, आपले नाहीत" असं म्हटलं असेल का? आयुष्यभर ज्यांना एसीवाले म्हणून चिडवलं, तेच दोर खाली सोडत होते.

चिडवाचिडवी शिकवली कुठं जाते?

अधिकाऱ्यांच्या बाबतीत उत्तर पुण्याजवळ आहे. खडकवासल्याची एनडीए. तिथं लष्कर, नौदल आणि हवाई दलात जाणारी मुलं तीन वर्षं एकत्र राहतात. आणि आता मुलीही. मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली.

तिथं अठरा स्क्वाड्रन आहेत. मुलं दलाप्रमाणं वाटलेली नसतात, प्रत्येक स्क्वाड्रनमध्ये तिन्ही दलांची सरमिसळ असते. म्हणजे पहिली चुरस स्क्वाड्रनची. उद्याचा पायलट आणि उद्याचा पायदळवाला एकाच बाजूनं पळतात आणि शेजारच्या स्क्वाड्रनला हरवायला बघतात. तीन वर्षांनी वाटा वेगळ्या होतात. लष्करवाले देहरादूनला, नौदलवाले केरळात एझिमलाला, हवाई दलवाले आपल्या जवळच, हैदराबादच्या दुंडीगलला. मग गणवेशाचा रंग बदलतो आणि चिडवणं सुरू होतं. पण ते कुणाला? ज्याच्यासोबत पहाटे चिखलात लोळलो, त्यालाच.

याचा परिणाम किती लांबवर जातो बघा. ३१ डिसेंबर २०१९ ला जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले. आपला मराठी माणूस. तेव्हा नौदलप्रमुख होते ॲडमिरल करमबीर सिंग आणि हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल भदौरिया. तिघेही एनडीएच्या एकाच, ५६ व्या कोर्सचे. गंमत म्हणजे तिघांचेही वडील हवाई दलात होते. आता अशा तिघांची मीटिंग असेल तर पहिली पाच मिनिटं काय चालत असेल, तुम्हीच ठरवा.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. ॲडमिरल अरुण प्रकाश. माणूस नौदलाचा पायलट. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते हवाई दलाच्या २० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये पाठवलेले होते. तिथं हंटर विमान उडवलं, लढले आणि वीरचक्र मिळवलं. नौदलाचा माणूस, हवाई दलाचं विमान आणि छातीवर वीरचक्र! पुढं २००१ मध्ये अंदमान-निकोबार कमांडचे पहिले प्रमुख तेच, आणि २००४ ला त्सुनामी आली तेव्हा नौदलप्रमुखही तेच. आता त्यांना कुठलं दल कुठलं, म्हणून चिडवायचं?

जवानांचं काय?

एनडीए अधिकाऱ्यांची. आपल्या गावातले बहुतेक भरतीतून जातात. जवान, नाविक, एअरमन. ते कुठं भेटतात?

मैदानावर भेटतात. दलांच्या आपसातल्या स्पर्धा असतात, त्यात लष्कराचेच दोन संघ उतरतात, रेड आणि ग्रीन. मग नौदल, मग हवाई दल. तिथं एकमेकांना सोडत नाहीत. पण राष्ट्रीय पातळीवर जायचं म्हटलं की यातूनच एक संघ होतो, त्याचं नाव सर्व्हिसेस. काल ज्याचा पाय ओढला, आज त्यालाच पास द्यायचा. २०२४ च्या मार्चमध्ये सर्व्हिसेसनं गोव्याला १-० हरवून संतोष ट्रॉफी सातव्यांदा जिंकली.

आणि महाराष्ट्राला तर सर्व्हिसेस चांगलेच ओळखीचे. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आपण पहिले, सर्व्हिसेस दुसरे. २०२५ ला उत्तराखंडमध्ये सर्व्हिसेस पहिले, आपण दुसरे. मराठवाड्यातल्या माणसाची इथं पंचाईत होते. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटचा जवान. सियाचीनमध्ये राहिलेला, लष्करातच पळायला लागलेला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्यपदक जिंकलं. आता महाराष्ट्राचा म्हणून टाळ्या वाजवायच्या की फौजेचा म्हणून? दोन्ही वाजवा.

मैदानाशिवाय मिल्ट्री हॉस्पिटलात भेटतात, कँटीनच्या रांगेत भेटतात, रेल्वेच्या डब्यात भेटतात. सचखंड एक्सप्रेसमध्ये दोन फौजी समोरासमोर बसलेले बघा. पहिला प्रश्न "कुठल्या युनिटचे?", दुसरा "कोणतं साल?", आणि तिसऱ्या मिनिटाला टोमणा. ही त्यांची ओळखपरेड असते. टोमणा परतून आला की समजायचं, माणूस आपला आहे.

इथं या सगळ्याचं गमक आहे. ज्याला तुम्ही वीस वर्षं चिडवलं, त्याचा नंबर तुमच्याकडं असतो. त्याचं गाव माहीत असतं, बायकोचं ऑपरेशन कधी झालं ते माहीत असतं. आपत्तीत पहिले काही तास सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो की कुणाला विचारायचं. यांचं ते आधीच ठरलेलं असतं.

चुरस कडू होते तेव्हा

नुसतं गोडगोड सांगायला आपण बसलेलो नाही. ही चुरस नेहमीच दोस्तीतली नसते. पैसा, विमानं, हेलिकॉप्टर कुणाच्या ताब्यात असावीत, यावरून खरे वाद होतात.

१९९९ चं कारगिल घ्या. मे महिन्यात घुसखोर सापडले. लष्कराला हल्ला करणारी हेलिकॉप्टर हवी होती. हवाई दलाचं म्हणणं होतं की सरकारची परवानगी पाहिजे आणि या उंचीवर ती हेलिकॉप्टर चालणार नाहीत. यात दिवस गेले. शेवटी २६ मे पासून हवाई दल उतरलं. आणि नावं बघा: लष्कराचं 'ऑपरेशन विजय', हवाई दलाचं 'सफेद सागर', नौदलाचं 'तलवार'. एकच लढाई, तीन नावं.

किंवा हे बघा. अंदमानसारख्या संयुक्त कमांडमध्ये लष्कराचा साहेब आणि त्याच्या हाताखाली हवाई दलाचा कर्मचारी. त्यानं शिस्त मोडली तर कारवाई कुणी करायची? कायदे तिन्ही दलांचे वेगळे, त्यामुळं कर्मचाऱ्याला त्याच्या दलाकडं परत पाठवावं लागायचं. २०२३ मध्ये संसदेनं यासाठी वेगळा कायदा केला, आणि मे २०२४ पासून तो लागू झाला. आता संयुक्त संस्थेचा प्रमुख स्वतः कारवाई करू शकतो. म्हणजे कमांड २००१ ची आणि हा गुंता सुटला २०२४ ला.

चिडवणं माणसा-माणसातलं असतं तोवर कामाचं. ते दोन ऑफिसांमध्ये शिरलं की फाईल अडते आणि टेकडीवरचा माणूस वाट बघत राहतो.

लाट गेल्यावर खरं काम

हेलिकॉप्टरचे फोटो पेपरात येतात. त्यानंतरची वर्षं येत नाहीत. ग्रेट निकोबारच्या फौजी कुटुंबांनी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये दिवस काढले. नारळाची बाग परत उभी करायला पाच-सात वर्षं लागतात. काही कुटुंबं मुख्य भूमीवर परतली, बरीच तिथंच राहिली. २०१२ मध्ये कॅम्पबेल बेला नौदलाचा हवाई तळ झाला, आयएनएस बाझ. आणि आता गांधीनगर-शास्त्रीनगरच्या बाजूला मोठ्या विमानतळाचा प्रकल्प आहे, म्हणजे त्याच गावांच्या जमिनींचा प्रश्न पुन्हा उभा आहे. एकदा लाटेनं हललेली माणसं परत नकाशाकडं बघत बसली आहेत.

आता हे सगळं उमरीत बसून ऐकायचं कशाला? कारण पाणी आपल्याकडंही येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात पुरानं गावं बुडाली, लष्कराची तुकडी बोलवावी लागली. अशा गावात एखादा म्हातारा माजी सैनिक असतोच. आणि फौजी माणसाचा एक स्वभाव असतो. तो मागत नाही. विचारलं तर म्हणतो, "सब ठीक है." छत गळत असलं तरी सब ठीक है.

म्हणून हे काम त्याच्या दोस्तांचं आणि तुमच्यासारख्या स्मार्टफोनवाल्या पोरांचं. काय करायचं, ते सांगतो.

एक. आज घरी गेल्यावर काकांचे कागद मागा आणि फोटो काढा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, माजी सैनिकाचं ओळखपत्र, ईसीएचएसचं कार्ड, बँकेचं पासबुक. फोटो काकांच्या फोनमध्ये, तुमच्या फोनमध्ये आणि परगावच्या एका नातेवाइकाकडं. पाणी तीन गावांत एकदम येत नाही.

दोन. सर्व्हिस नंबर आणि रेकॉर्ड ऑफिस वेगळं लिहून ठेवा. कागद हरवले तरी या दोन गोष्टींवरून माणूस सापडतो. आणि इथं दलाचा फरक पडतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, हवाई दलाचं दिल्लीला, नौदलाच्या नाविकांचं मुंबईत. चुकीच्या पत्त्यावर अर्ज गेला की महिने जातात.

तीन. पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेत आली असेल तर लॉगिन चालू आहे का ते बघा. पीपीओ तिथून परत काढता येतो. दरवर्षीचा हयातीचा दाखलाही मोबाईलवरून देता येतो. साठ-सत्तर वर्षांच्या माणसाला ओटीपीची भीती वाटते. शेजारी बसून करून द्या. पण पासवर्ड त्यांच्याच वहीत राहू द्या, आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, हेही सांगा.

चार. नांदेडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या मदतीचे अर्ज तिथून जातात. पेन्शन नसलेल्या वयस्कर माजी सैनिकांसाठीही मदत असते, आणि आपल्याकडं ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पाच. काकांच्या तीन दोस्तांचे नंबर तुमच्याकडं ठेवा. तिन्ही वेगवेगळ्या गावचे. काकांचा फोन लागला नाही, तर ते तुम्हाला फोन करतील. आणि काका अडचणीत असले, तर "सब ठीक है" न म्हणता खरं ते सांगायचं काम तुमचं.

अग्निवीरांसाठी दोन शब्द

ऐकणाऱ्यांत भरतीची तयारी करणारे खूप आहेत, रोज पहाटे रस्त्यावर पळताना दिसता. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून आहे. चार वर्षं, मग मूळ नियमानुसार पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं पुढं कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम मिळते, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे आपण आत्ता बोललो ते कार्ड, ते कार्यालय, ते पीपीओ, यातलं बरंचसं त्यांच्याकडं नसेल.

मग काय असेल? चार वर्षांत जोडलेली माणसं. म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, बॅरेकमधली दोस्ती रीलपुरती ठेवू नका. नंबर जपा, गावाचं नाव लक्षात ठेवा, लग्नाला जा. शेजारच्या दलातला कुणी भेटला तर मनसोक्त चिडवा, आणि नंबर घेतल्याशिवाय सोडू नका.

चला, आजचा भाग इथं थांबवू. तुमच्या घरात कुणी फौजी असेल तर आज संध्याकाळी त्यांना एवढं विचारा: तुमचा सगळ्यात जुना दोस्त कोणत्या दलातला, आणि तो तुम्हाला काय म्हणून चिडवायचा? मग फोन लावून द्या आणि बाजूला बसून ऐका. पाच मिनिटांची चिडवाचिडवी संपली की खऱ्या गोष्टी निघतील. बीपीच्या गोळ्या, पोराची नोकरी, गळणारं छत.

ते छत लक्षात ठेवा. पावसाळ्याच्या आधी.

भेटू पुढच्या भागात. राम राम!